गाडीचं दावं

"चला, बसा. वाटंवरच हाय."

त्या वर्षी इंदापूरच्या स्टँडवर उभं राहून हे वाक्य ऐकलं नाही, असा माणूस शोधून सापडला नसता. तुम्हाला बारामतीला जायचं असो, बावड्याला जायचं असो, नाहीतर पलीकडच्या आळीत सासऱ्याला नुसतं तोंड दाखवायला जायचं असो. आबा आपली पांढरी गाडी कडेला घेत, लांबलचक डावा हात पसरून पलीकडचं दार आतून उघडत आणि म्हणत, "चला, बसा. वाटंवरच हाय." तुमची वाट पूर्वेला असली तरी ती त्यांच्या वाटेवर, पश्चिमेला असली तरी त्यांच्याच. एका माणसाच्या वाटेवर सगळा तालुका कसा येतो, हा प्रश्न मला पडायला हवा होता. पण फुकट बसायला मिळालं की माणूस असले प्रश्न विचारत नाही.

माझं रेडिओ दुरुस्तीचं दुकान स्टँडच्या समोर. एसटीतून उतरणारी आणि चढणारी माणसं बघणं हा माझा खरा धंदा. रेडिओ हा जोडधंदा. शिवाय गणपतीत आमच्या मंडळाच्या नाटकात मी दरवर्षी फौजदार. आवाज तसा होता, पोटही तसं होतं, त्यामुळे दुसऱ्या कुणाचा विचारच होत नसे. आबांनी मला नावानं कधी हाक मारली नाही. दुकानाच्या पायरीवर बसत आणि म्हणत, "काय रेडिओ, आज काय बातम्या?" मी गावाच्या बातम्या देई, त्यांत थोडं पदरचं घालून. आबा इतकं मन लावून ऐकत की खोटं सांगायलाही हुरूप येई.

त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही. तसंही नावानं त्यांना कोण ओळखत होतं? उंच माणूस, डोक्याला पांढरा पटका, गुडघ्याच्या जरा खाली आलेलं धोतर, आणि भर उन्हाळ्यातही खांद्यावर घोंगडी. अंगाला लोकरीचा वास. गाडी आल्यावर तो वास गाडीलाही लागला. आत बसलं की कुठल्यातरी धनगरी वाड्यावर, मेंढरांच्या मध्ये बसल्यासारखं वाटे.

कारण जन्म त्याच्यातच गेला होता. वर्षातले कितीतरी महिने आबा मेंढरांमागे चालत असत. बरोबर बायको, भाऊ, भावजया, पोरंबाळं, कुत्री, सामान वाहणारी घोडी. आज या रानात मुक्काम, उद्या त्या रानात. मग कालव्याचं पाणी आलं, जिकडेतिकडे ऊस उभा राहिला, शेताला तारा आल्या. भाऊ एकेक करून आपापल्या जमिनीच्या तुकड्यावर स्थिरावले. आबांचा मुलगा सुरतेला गिरणीत लागला, तिकडेच त्यानं संसार मांडला. आबांच्या कारभारणीनं, म्हणजे आमच्या काकूंनी, एका हिवाळ्यात अंथरूण धरलं आणि सोडलं नाही. वस्तीवर उरले आबा आणि मेंढरं. पुढे गुडघे कुरकुरायला लागले तशी मेंढरंही विकली.

"रेडिओ," पायरीवर बसून ते मला म्हणाले होते, "मेंढरं हुती तवर चालताना कुणीतरी म्होरं असायचं, कुणीतरी मागं. आता मी चालतो तर माझाच पाय वाजतो."

असं बोलले आणि दुसऱ्या आठवड्यात येऊन म्हणाले, "मी गाडी घेतो."

मी हसलो. तुम्हीही हसला असता. पण आबांना ट्रॅक्टर चालवता येत होता, आणि मेंढरांचा सगळा पैसा तसाच होता. कळप जाऊन त्याजागी गाडी येणार, असा त्यांचा सरळ हिशेब. गाडी असली की माणसं बसतील. माणसं बसली की बोलतील. यात कुठे चूक काढणार?

*

बारामतीला एमआयडीसीच्या रस्त्यावर जुन्या गाड्यांचा एक व्यापारी होता. पत्र्याची शेड, वर पताका, खाली पॉलिश मारून ओळीत उभ्या केलेल्या गाड्या. मालक तरणा, डोळ्यांवर गॉगल, मनगटावर सोन्याची साखळी. सगळे त्याला शेठ म्हणत. आबा मला बरोबर घेऊन गेले, कारण गाडीत रेडिओ होता आणि तो चालतो की नाही हे बघायला जाणकार माणूस पाहिजे होता. मी टेस्टर-पेचकस खिशात घालून ऐटीत गेलो.

आबांनी गाडी घेतली ती बैल घेतात तशी. आधी लांबून बघितली. मग भोवती फिरले. मग म्हणाले, "जरा चालवून दाखीव." शेठनं चालवून दाखवली. आबा बाजूला उभे राहून तिची चाल बघत होते, जणू ती कुठल्या पायानं लंगडते ते त्यांना दिसणार होतं. मग जवळ आले आणि बॉनेटवर आपला पंजा ठेवला. बराच वेळ ठेवला. त्या पंजाची तालुक्यात ख्याती होती. बाजारात लोक त्यांना मुद्दाम घेऊन जात. आबा जनावराच्या पाठीवरून हात फिरवत आणि सांगत, याला आतून ताप हाय, नाहीतर ही घोडी मागच्या पायानं कच्ची हाय. ते खरं निघे.

"खोड काय हाय ती सांग," आबा शेठला म्हणाले.

"खोड कसली, आबा? झकास गाडी आहे."

"तसं न्हवं. हात ठीव आन् सांग."

आमच्याकडच्या जनावरांच्या बाजारात ही रीत आहे. विकणाऱ्यानं जनावराच्या पाठीवर हात ठेवून खोड सांगायची. मारकं असेल तर मारकं, बसकं असेल तर बसकं. हात ठेवून सांगितलेलं खोटं निघालं तर जनावर परत. तिथे ना कागद असतो, ना सही. शेठ हसला. माझ्याकडे बघून त्यानं डोळा मारल्यासारखं केलं, बॉनेटवर हात ठेवला आणि म्हणाला, "खोड नाही, आबा."

"झालं तर मग."

पैसे दिले, पावती घेतली, आबांनी पावतीवर दाखवतील तिथे सही केली. शेठनं पेढा दिला आणि लाल फीत बांधलेली किल्ली आबांच्या हातात ठेवली. आबा किल्लीकडे बघतच राहिले.

"दावंबी देतोस?"

"म्हणजे?"

"आरं, जनावर इकलं तरी दावं द्याचं नसतंय. दावं घरी ठिवायचं, म्हंजे गोठा भरल्याला ऱ्हातोय. तू दावंच दिलंस तर तुझ्याकडं काय ऱ्हायलं?"

शेठ म्हणाला, "आबा, दाव्याशिवाय ती सुरू होत नाही." त्यावर शेडमधली सगळी हसली. आबाही हसले. मी रेडिओ लावून बघितला. उत्तम चालत होता. त्या गाडीत तेवढाच उत्तम निघाला.

*

पुढचे काही महिने आबांच्या आयुष्यातले गजबजलेले महिने. ते गाडी मेंढरांच्या वेगानं चालवत. गर्दी आली की खिडकीतून हात काढून "हर्र, हर्र" करत. रस्त्यात कळप आडवा आला तर आम्ही बाकीचे हॉर्न वाजवतो; आबा गाडी बंद करून खाली उतरत, दोन-चार मेंढ्यांच्या पाठी दाबून बघत, मेंढपाळाची विचारपूस करत आणि मग परत येऊन बसत. आतल्या माणसाची कोर्टाची वेळ टळली तर टळली. सगळं वाटेवरच होतं.

एकदा नरसिंहपूरला निघालेल्या एका म्हाताऱ्या जोडप्याला त्यांनी थेट देवळापर्यंत नेलं, दर्शन होईपर्यंत थांबले, संगमावर त्यांच्याबरोबर शिदोरी खाल्ली आणि परत आणून सोडलं. मी विचारलं, "आबा, तुमचं काय काम होतं तिकडे?"

"कायबी न्हाय."

"मग वाटेवर कसं?"

"त्येंची वाट हुती. मी तिच्यावर हुतो." एवढं बोलून त्यांनी कपातला चहा बशीत ओतला.

मग दार उघडायला लागलं.

आधी कधीतरी, मग नेहमीच. निमगावच्या अलीकडच्या वळणावर गाडी वळली की डाव्या बाजूचं दार आपोआप सताड उघडे, जणू कुणाला तिथेच उतरायचं होतं. एकदा गावातले तलाठी शेजारी बसले होते. दार उघडलं, तलाठी अर्धे बाहेर गेले, आबांनी त्यांना कॉलर धरून आत ओढलं. कॉलर आबांच्या हातात राहिली, तलाठी सुखरूप. त्यांनी ही हकीकत कचेरीत सांगितली आणि कचेरीत सांगितलेली गोष्ट तालुकाभर जायला किती वेळ लागतो ते तुम्हाला माहीत आहे. शिवाय गाडी सरळ जाईना. तोंड डांबरावर आणि शेपूट कच्च्या रस्त्यावर, अशी तिरकी चाले.

मग सगळ्या गावाला अचानक चालायची आवड निर्माण झाली.

"चला, बसा. वाटंवरच हाय."

"नको आबा, डॉक्टरांनी चालायला सांगितलंय."

"नको आबा, एसटी येईलच आता."

"नको आबा, मला जरा इथंच जायचंय." असं म्हणणारा माणूस खांद्यावर गादी घेऊन मुलीच्या गावाला निघालेला.

आबा दार उघडत, थांबत, परत ओढून घेत. मी दुकानातून बघत असे. पुढे ते एकटेच बारामती रस्त्यानं चक्कर मारून येऊ लागले. एका दुपारी मला एका रेडिओवाल्या मित्राला भेटायचं होतं म्हणून मी निमगावपर्यंत त्यांच्याबरोबर गेलो, मागच्या सीटवर, दोन्ही हातांनी धरून. वळण आलं. पुढचं दार उघडलं. त्या मोकळ्या सीटकडे न बघता आबा सहज म्हणाले, "सावकाश उतरा."

मी म्हटलं, "कुणाला म्हणालात?"

"सवय लागली," आबा म्हणाले आणि दार ओढून घेतलं.

*

शेवटी एका मिस्त्रीनं गाडीतलं कापड उचकटून बघितलं. खाली आडवा, या टोकापासून त्या टोकापर्यंत वेल्डिंगचा जाड व्रण. अपघातात चेपलेल्या दोन गाड्यांपैकी एकीचा पुढचा धड राहिलेला भाग आणि दुसरीचा मागचा, असे जोडून वर एक रंग मारलेला. मिस्त्री म्हणाला, "हे कितीबी वेल्डिंग मारा, उघडणारच. रस्त्यावर काढू नका."

आबा खाली वाकून बघत होते. "दोन मेंढरं एका कातड्यात," ते म्हणाले. मग आपला पंजा उलटासुलटा करून बघितला, जणू त्याच्यावर काही लिहिलं होतं. "माझ्या हाताला कळलं न्हाय, रेडिओ."

शेठकडे गेलो. त्यानं गॉगलसुद्धा काढला नाही. "जुनी गाडी आहे आबा, काहीतरी असणारच. पावतीमागे छापलंय बघा. जशी आहे तशी विकली."

"असणारच हुतं तर तवा का न्हाय सांगितलंस? मी इचारलं हुतं."

"धंद्यात असं बोलतातच."

"धंद्यात बोलत्यात. हात ठिवून न्हाय बोलत."

बारामतीत ग्राहक चळवळीचं काम करणाऱ्या एक निवृत्त शिक्षिका होत्या. त्यांना आम्ही बाई म्हणायचो. मी आबांना त्यांच्याकडे नेलं, आणि आदल्या दिवशी बसून लिहिलेला तक्रारअर्ज वाचून दाखवला. नाटकातला अनुभव पणाला लावला होता. बाईंनी लाल पेन काढलं.

"'अन्यायाच्या वणव्यात होरपळलेला' हे काढा. 'हे न्यायदेवते' पण काढा. गाडी कधी घेतली, काय सांगून विकली, काय निघालं, आणि काय हवंय. एवढंच. ग्राहक मंचात वकील लागत नाही, साधा कागद चालतो. पण मिस्त्रीकडून लेखी घ्या, आणि आधी शेठला रजिस्टर पोस्टानं नोटीस पाठवा. पावतीवर काहीही छापलं म्हणून दोष लपवून विकायची मोकळीक मिळत नाही कुणाला." मग त्या आबांकडे वळल्या. "आबा, तुम्हाला काय हवंय?"

आबांनी खूप विचार केला. "गाडीत माणसं बसायची. ती परत पायजेत."

बाईंचं पेन थांबलं. "ते मंच देऊ शकत नाही, आबा."

"मग गाडी नीट करून द्या म्हणावं."

बाईंनी लिहिलं, गाडी निर्दोष करून द्यावी; ते शक्य नसल्यास परत घेऊन रक्कम द्यावी. आबांना ते वाचून दाखवलं. "दुसरं कशाला?" त्यांनी विचारलं. "लिहावं लागतं," बाई म्हणाल्या.

*

मंच पुण्याला. त्यामुळे तारीख पडली की आबा आणि मी पहाटेच्या एसटीनं निघायचो. मी साक्षीदार, शेठनं हात ठेवला तेव्हा मीच तिथे उभा होतो. आबा मला खिडकी देत. भिगवण येईपर्यंत आमच्या भाकरीचं फडकं सुटलेलं असे. रस्त्यानं आबा मला दाखवत जात: हितं आमचा वाडा असायचा, हितं घोडी व्याली, त्या तितं धाकट्या भावाचं लगीन जमलं. ज्या रस्त्यानं ते मेंढरांमागे पायी गेले, त्याच रस्त्यानं आता तक्रार घेऊन निघाले होते. मला वाटतं, त्यांना त्यात फार फरक वाटत नसावा. बरोबर कुणीतरी होतं.

शेठचा वकील पुढची तारीख मागे. मी चिडे. मला माझी साक्ष तोंडपाठ झाली होती आणि आवाज फुकट चालला होता. आबा मात्र खूश. "पडली का तारीख? बरं झालं. मग निघायचं परत." एकदा तर तारीख लांबची मिळाली तेव्हा त्यांनी, जराशी अलीकडची मिळंल का, असं विचारलं. कारकुनाला वाटलं, म्हातारा न्यायासाठी तळमळतोय.

एका तारखेला शेठचा वकील आलाच नाही. शेठ बाहेरच्या बाकावर एकटा बसला होता, सकाळपासून काही खाल्लेलं नसावं. आबांनी फडकं सोडलं, भाकरीवर ठेचा ठेवला आणि त्याच्यापुढे धरली.

"नको आबा. आपलं भांडण आहे."

"भांडण आत हाय. ह्ये भाईर हाय. खा."

शेठनं खाल्ली. खाताना बोलता बोलता कळलं की त्याचा बाप बैलांची दलाली करायचा. आबांनी नाव विचारलं आणि त्यांचे डोळे मोठे झाले. "आरं, त्यो तुझा बा? त्येनं मला एक खिलार घेऊन दिला हुता. हात ठिवून म्हणाला, ह्यो पाण्याला भितो, वढ्यात घालू नगंस. मी म्हणलं, असं सांगितलंस तर घील कोण? तर म्हणाला, तू घेशील." शेठनं खिशातला गॉगल काढून डोळ्यांवर चढवला. ठेचा तिखट होता, असं मी त्या वेळी धरून चाललो.

इकडे गाडी आबांच्या वस्तीवर, बाभळीखाली उभी होती. मी एका संध्याकाळी गेलो तर आबा स्टेअरिंगवर हात ठेवून आत बसलेले, रेडिओ चालू, मागच्या सीटवर कोंबडी अंड्यांवर बसलेली. डावं दार उघडं.

"हे का उघडं ठेवलंय?"

"येतंय जातंय कुणी. बसावं." त्या वस्तीवरून वाट पुढे कुठेच जात नव्हती. मी बसलो. रेडिओवर शेतकऱ्यांसाठी काहीतरी चाललं होतं. आम्ही दोघे समोरच्या उसाकडे बघत बसलो, प्रवासाला निघाल्यासारखे.

*

अखेर सुनावणी झाली. समोर अध्यक्ष आणि दोन सदस्य, त्यांत एक बाई. शेठच्या वकिलानं पावती उलटी करून छापलेली ओळ वाचली. मिस्त्रीचा कागद म्हणजे ऐकीव मत, असंही म्हणाला. मग माझी साक्ष. मी घसा साफ केला आणि सुरुवात केली. दुसऱ्या वाक्यालाच अध्यक्ष म्हणाले, "साक्षीदारांनी साध्या आवाजात बोलावं." इतक्या वर्षांची फौजदारकी एका वाक्यात गेली. उरलेलं मी साध्या आवाजात सांगितलं.

वकील म्हणाला, "हे यांच्याच गावचे. यांचेच मित्र. हेच बोलणार."

अध्यक्षांनी आबांना विचारलं, "पावती वाचली होती का?"

"न्हाय. त्येनं हात ठिवला हुता."

"कशावर?"

"पाठीवर."

"कुणाच्या?"

"गाडीच्या."

मागे कुणीतरी हसलं. सदस्य बाई हसल्या नाहीत. त्यांनी शेठकडे बघून विचारलं, "तुम्ही असा हात ठेवून खोड नाही असं म्हणालात का?"

आता शेठनं फक्त नाही म्हणायचं होतं. दोन अक्षरं. वकिलानं मान हलवून दाखवलीसुद्धा. शेठनं गॉगल हातात घेतला होता, त्याची काडी उघडत मिटत होता. आबा त्याच्याकडे बघत होते. रागानं नाही, बाजारात समोरचा भाव बोलायची वाट बघतात तसं.

"ठेवला होता," शेठ म्हणाला.

"आणि जोड आहे हे माहीत होतं?"

"होतं."

वकिलानं कागद मिटले. बाकीचं सगळं सरळ झालं. मंचाचा निकाल आला: दोष लपवून विक्री केली, गाडी रस्त्यावर चालवण्याजोगी नाही, दुरुस्त होऊ शकत नाही; व्यापाऱ्यानं ती परत घ्यावी आणि पूर्ण रक्कम परत करावी. बारामतीच्या बाईंनी आम्हाला समजावून सांगितलं. "आबा, जिंकलात. अगदी सगळं मिळालं."

"म्हंजे गाडी त्यो नेणार?"

"न्यावीच लागेल त्याला."

"मला नगं झालीया असं न्हाय. हुबी राहिली तरी चालंल."

"आबा, ती धोक्याची आहे."

आबांनी मान हलवली. जरा वेळानं त्यांनी मला हळूच विचारलं, "मग आता म्होरली तारीख न्हाय?"

 

*

शेठ ट्रॅक्टर घेऊन स्वतः आला. पैसे आधीच दिले होते. आबांनी सकाळीच गाडी धुतली होती, कोंबडी उठवली होती, बॉनेटवर हळदीकुंकू लावलं होतं, चाकांवर पाणी घातलं होतं. घरातलं जनावर बाजाराला काढताना करतात तेवढं सगळं. शेठनं पुढे दोर बांधला आणि किल्ली मागितली.

"किल्ली न्हाय मिळायची."

"आबा, असं काय करता?"

"दावं द्याचं नसतंय. तुझ्या बाला इचारलं असतंस तर त्यानंबी हेच सांगितलं असतं."

मी मध्ये पडणार होतो. किल्लीचं निकालात काय लिहिलंय ते मला माहीत नव्हतं, पण फौजदाराचा आवाज लावला असता. शेठनं हातानंच मला थांबवलं. आबांच्या गळ्यात काळ्या लोकरीचा दोरा होता, त्यात ती किल्ली आधीच ओवलेली. शेठनं ती बघितली.

"ठेवा," तो म्हणाला. आणि वाकून आबांच्या पाया पडला.

ट्रॅक्टर निघाला. मागून गाडी, तिरकी तिरकी. कालव्याजवळच्या वळणावर डावं दार सताड उघडलं. आबांचे ओठ हलले. काय म्हणाले ते मला ऐकू आलं नाही, पण तुम्हाला आणि मला ते माहीत आहे.

मी पुष्कळदा म्हटलं, "आबा, पैसे आलेत, दुसरी बघू. या वेळी मिस्त्री बरोबर नेऊ." ते आपल्या पंजाकडे बघत. "न्हाय रेडिओ. हाताला कळंना आता." पुढे दुकानाच्या पायरीवर येणंही कमी झालं. आले तर बातम्या ऐकत, पण मी पदरचं घातलेलं त्यांना लगेच कळे, आणि ते कळल्याचं दाखवत नसत. काही महिन्यांनी सुरतेहून मुलगा आला आणि त्यांना घेऊन गेला. तिथे चौथ्या मजल्यावर राहतात, असं एकदा कुणीतरी सांगितलं. मग सांगणारंही कुणी आलं नाही.

जाण्याआधी ते मला एकदा रस्त्यात भेटले. मी बारामतीहून स्कूटरवर येत होतो. गावाच्या अलीकडे आबा कडेनं चालले होते, घोंगडी खांद्यावर, सदऱ्यावर लोंबती किल्ली. मी थांबलो आणि मला दुसरं वाक्यच आठवलं नाही. "चला आबा, बसा. वाटेवरच आहे."

आबांनी स्कूटरभोवती एक फेरी मारली. सीटवर पंजा ठेवला. "खोड काय हाय?"

मी टाकीवर हात ठेवला. "हॉर्न वाजत नाही. आणि चालवणारा फार बोलतो."

"मग बसतो."

बसले. मी विचारलं, "कुठे सोडू?"

"तू कुठं चाललास?"

"मी घरी."

"मग माझंबी तिकडंच हाय."

त्यांची वस्ती बरोबर उलट दिशेला होती. मी घरापर्यंत बडबडत आलो, चहा झाला, बातम्या झाल्या. दिवस कलायला लागला तसे आबा उठले, पटका नीट केला. मी स्कूटरकडे वळलो. "थांबा आबा, सोडतो."

आबांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. तो बराच वेळ तिथे होता.

"नगं," ते म्हणाले. "तुझ्या वाटंवर न्हाय ते."